काठावर कोण कुठं निजलंय

कापसाची दुसरी वेचणी चालू होती आणि पैनगंगेचं पाणी सरकत सरकत पार पलीकडच्या काठाला जाऊन टेकलं होतं, तेव्हा तेलंगणाकडच्या काठावरच्या सावळघाटात बातमी आली की राजकुमार मसणवटीतून रस्ता काढतोय. रेतीसाठी. रेती उपशाचा गुत्ता, म्हणजे ठेका, त्याला मिळाला होता आणि ट्रॅक्टर पात्रात उतरवायला गावाकडून वाटा दोनच होत्या. एक त्याच्या स्वतःच्या शेतातून, दुसरी बौद्ध वस्तीच्या मागच्या मसणवटीतून. शेतात कापूस उभा होता, मसणवटीत बाभळी. त्यानं बाभळी तोडायचं ठरवलं.

शुभांगीला हे तामसीहून परतताना बसमध्येच कळलं. ती तामसीच्या मराठी शाळेत इतिहास-भूगोल शिकवायची. गावात आई द्वारकाबाईबरोबर राहायची. तिनं लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं तिला आवडत नसे. बसमधून उतरली ती घरी गेलीच नाही. खांद्यावरच्या पिशवीसकट थेट राजकुमारच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

राजकुमार अदबीनं उठला. शाळेत तिच्या दोन वर्षं पुढं होता. त्याचे वडील उद्धवराव बाजेवर पडून टीव्ही बघत होते, त्यांनी आवाज कमी केला.

"या मॅडम. बसा."

"बसत नाही. मसणवटीतून रस्ता काढून राह्यला म्हणे?"

"काढावाच लागते. आता गावाले वैकुंठधाम झालं ना नवं. शेड हाये, नळ हाये. त्या जुन्या जागेत कोन जाते आता?"

"आता कोणी जात नाही. जे गेले ते तिथंच आहेत."

"कोन कोन?" राजकुमारनं हसतच विचारलं. "नाव कोरलेला एक तरी दगड दाखवा मले. तिथं बाभळी हायेत अन् शेळ्या हायेत. अन् राग नका मानू मॅडम, तुमी लोकं मुळातले पारचे. तुमचे आजे-पणजे नदी उतरून आमच्या शेतात कामाले आले. तुमची वंशावळ पाह्याची तं तिकडं, महाराष्ट्रात पाहा."

तेवढ्यात त्याची आई रेणुकाबाई चहा घेऊन आली. तिनं कप ठेवला, पण ती आत गेली नाही. चौकटीला धरून उभी राहिली. शुभांगीनं चहाला हात लावला नाही.

"पाहते," ती म्हणाली. "तिकडंबी पाहते अन् इथंबी पाहते."

घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते. जेवताना तिनं आईला सगळं सांगितलं. द्वारकाबाई भाकरी मोडत ऐकत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "पारचे तं पारचे. मानूस जिथं मरते तिथलाच होते."

सोमवारी शुभांगीनं रजा टाकली. वस्तीतल्या चार बाया बरोबर घेतल्या आणि अदिलाबादला कलेक्टर कचेरीत दर सोमवारी तक्रारी ऐकणाऱ्या प्रजावाणीत अर्ज दिला. अर्ज फिरत मंडळाच्या महसूल कचेरीत आला आणि तिथले गिर्दावर, जमिनीच्या नोंदी तपासणारे साहेब, मोटारसायकलवर बसून गावात आले. माणूस तेलुगू, पण सीमेवरच्या गावांत नोकरी करून करून मराठी शिकलेला. वाक्यात तीन भाषा सुखानं नांदत.

त्यांनी नकाशा मोटारसायकलच्या सीटवर पसरला. "मॅडम, पहाणीत, जमिनीच्या नोंदीत, इथं मसणवट नाही. सरकारी पडीक आहे. रस्त्याला मनाई कशी करू?"

"माणसं पुरलीत इथं. शंभर वर्षं."

"पुरली असतील. पण मी काय लिहू? 'पुरली असतील' असं पंचनाम्यात लिहिता येत नाही." त्यांनी बाभळींकडं पाहिलं. खरंच काही दिसत नव्हतं. उंचसखल जमीन, काटे, मधे एक पळस. "पुढच्या शनिवारी येतो मी. कौन कहाँ है, जागेवर दाखवा. नाव सांगा, बापाचं नाव सांगा, सांगणाऱ्यानं सही करावी. मग मी लिहीन."

ते गेल्यावर शुभांगीच्या धाकट्या भावाचा, अमरदीपचा फोन आला. तो उटनूरला सरकारी कचेरीत कारकून होता आणि गावातली बातमी त्याला नेहमी गावातल्यांच्या आधी कळायची.

"ताई, तू सरकारी नोकर हायेस. काऊन भांडण विकत घेतेस? राजकुमारची ओळख वरपर्यंत हाये."

"आपली खालपर्यंत आहे," शुभांगी म्हणाली. "तू शनिवारी ये. बाबा जिथं आहेत तिथं कुणालातरी उभं राहावं लागणार."

"मले सुट्टी नाई."

"मग मी उभी राहीन." तिनं फोन ठेवला.

त्याच संध्याकाळपासून ती घरोघर फिरू लागली. शाळेत मुलांना राजेरजवाड्यांच्या वंशावळी ती फळ्यावर झरझर काढून देई. इथं प्रत्येक घरात तिसऱ्या पिढीशी गाडी अडायची. आजोबाचं नाव माहीत, आजीचं नाही. आजीला सगळे 'घाटावरची' म्हणायचे, 'काळी बाय' म्हणायचे, 'धाकल्याची माय' म्हणायचे. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. एका घरातल्या म्हाताऱ्यानं आईचं नाव आठवण्यासाठी रात्रभर डोकं खाजवलं आणि सकाळी शुभांगी बसथांब्यावर असताना धावत येऊन सांगितलं, "सोनबाई! सोनबाई होतं व!" आणि तिथंच, बसची वाट बघणाऱ्या लोकांत, तो रडायला लागला.

नावं कळली तरी जागा सापडायला हवी होती. तिथं द्वारकाबाई उपयोगी पडली. शुभांगीचे वडील चंपत उद्धवरावांकडं सालदार होते आणि वस्तीतल्या मयतांचे खड्डे तेच खोदायचे. द्वारकाबाई भाकर घेऊन जायची, त्यामुळं तिनं पुष्कळ पाहिलं होतं. पण एकट्या तिला सगळं ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक होतं त्यातलं काही इतरांना पटेना. चिंचेखालची जागा आमच्या आज्याची की तुमच्या, यावरून दोन घरांत असं जुंपलं की एकमेकांच्या बकऱ्यांचाही उद्धार झाला. शेवटी शुभांगी ओरडली, "दोघंही तिथंच असतील! दोघांचीबी नावं लिहिते! ते तर भांडत नाहीत ना आता?" मग एक जण हळूच म्हणाला, "भांडत असतीन. चुलतभाऊच होते ते."

पटकीच्या वर्षीची एक लांब ओळ सापडली. एकाच घरातली पाच माणसं. नदीकडच्या बाजूला शुभांगीचा पणजोबा सापडला. तो खरंच पारचा होता. यवतमाळकडच्या एका गावातून पोटामागं नदी उतरून आलेला. राजकुमार म्हणाला ते खोटं नव्हतं. पात्रातून आणलेल्या चपट्या गोट्यावर शुभांगीनं पांढऱ्या रंगानं स्वतःच्या हातानं लिहिलं: 'आला पारहून. राहिला इथं.' आणि खाली नाव.

तसे गोटे सगळ्यांनीच आणले. कुणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स दिला. त्याच्या कोऱ्या पाठीवर वस्तीतल्या बायांनी मसणवटीचा नकाशा रंगवला. बाभळी, पळस, चिंच, नदीची कड, आणि जिथं जो निजलाय तिथं त्याचं नाव.

फक्त पळसाखाली जागा रिकामी राहिली. तिथली माती थोडी उंच होती.

"इथं कोण, आई?"

"ते राहू दे."

"राहू दे कसं? तिथं काहीतरी आहे."

"हाये. पण ते आपलं नव्हं." द्वारकाबाईनं पदर सावरला. "ज्याचं हाये त्यानं सांगावं. मी कशाले सांगू?"

शुभांगीनं पुन्हा विचारून पाहिलं. आई नकाशा गुंडाळायला लागली.

शनिवार उजाडला. गिर्दावर यायचे होते, पण त्यांच्या आधी जेसीबी आला. राजकुमारनं हिशेब सरळ केला होता. साहेब येईपर्यंत एकदा वाट पाडून मोकळं व्हायचं. पडलेल्या वाटेचा पंचनामा झाला तरी वाट बुजत नाही.

जेसीबीचा आवाज ऐकून वस्ती धावली. कुणी हातातली वेचणीची ओटी तशीच बांधलेली, कुणी अर्धा भांग पाडलेला. कुणी काही ठरवलं नव्हतं, घोषणा दिल्या नाहीत. जो तो आपापल्या गोट्याजवळ जाऊन उभा राहिला. सोनबाईचा लेक सोनबाईजवळ. चिंचेखाली भांडणारी दोन्ही घरं खांद्याला खांदा लावून. शुभांगी पणजोबाजवळ गेली आणि मग तिच्या लक्षात आलं की वडिलांच्या जागेवर कुणीच नाही. ती तिकडं वळणार, तोच बाभळीआडून अमरदीप आला. ऑफिसचे बूट चिखलानं भरलेले. तो तिच्याकडं न बघता बाबांच्या गोट्याशी जाऊन उभा राहिला.

जेसीबीवाला परगावचा पोरगा होता. त्यानं इंजिन बंद केलं. "भैया, ये लोग ऐसे क्यूँ खड़े हैं?"

"ते हटतीन. तू चालू कर."

"नीचे क्या है, माँजी?" त्यानं सगळ्यात जवळ असलेल्या द्वारकाबाईला विचारलं.

"हमारे लोग हैं, बेटा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा किल्ली फिरवली नाही. राजकुमार लाल झाला. तो पुढं आला आणि सगळ्यांवरून नजर फिरवताना त्याला पळस दिसला. पळसाखाली गोटा नव्हता. माणूस नव्हता. तिथून नदीपर्यंत एक सरळ पट्टा मोकळा होता, ट्रॅक्टर जाईल एवढा.

"तिकडून काढ," तो म्हणाला. "तिथं कोनी उभं नाई. तिथं तुमचं कोनी नाई ना, मॅडम?"

शुभांगीनं आईकडं पाहिलं. द्वारकाबाईनं एक पाऊल टाकलं आणि ती थबकली. ती शुभांगीकडं बघत नव्हती. ती वाटेकडं बघत होती.

वाटेनं रेणुकाबाई येत होती. एकटीच. पायांत चपला नव्हत्या. तिच्या बऱ्याच मागून उद्धवराव काठी टेकत येत होते आणि तिला हाका मारत होते. ती वळूनही बघत नव्हती. शेतकऱ्याच्या घरातली मोठी बाई कधी मसणवटीकडं फिरकलेली कुणी पाहिली नव्हती. लोकांनी आपोआप वाट दिली.

ती सरळ द्वारकाबाईपुढं येऊन थांबली.

"द्वारके," ती म्हणाली, "कुठी हाये?"

द्वारकाबाईनं पळसाकडं बोट दाखवलं. "तिथं, बाई. बुंध्याच्या उगवतीकडं. शुभांगीच्या बापानं खोल खांदलं होतं. माझं नवं लुगडं होतं, त्यात गुंडाळली तिले. उघडी नाई ठेवली."

रेणुकाबाई पळसाखाली गेली आणि मातीत मांडी घालून बसली.

"आई!" राजकुमार धावला. "काय करून राह्यली? ऊठ. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. तू बी पाह्य. तुझी बहीण हाये इथं."

"माझी बहीण? मले कुठली बहीण?"

"तुझ्या आधीची. थोरली." "एकवीस दिवसांची होती. दात न आलेलं लेकरू जाळत नाईत, पुरतात. तुझ्या बापानं सालदाराच्या हातात दिली अन् सांगतलं, कुठी बी टाक, मले सांगू नको. पोरगी होती ना. मी बाळंतिणीच्या खोलीत. मले कोनी विचारलं बी नाई, दाखवलं बी नाई. इतके वर्षं मी नदीवर धुनं घेऊन येत होते अन् या बाभळीकडं पाहत होते. कुठी असंन, कुठी असंन म्हनून."

तोवर उद्धवराव पोचले. त्यांना धाप लागली होती. "रेणुके, घरी चाल. घरचं घरी बोलू."

"घरी बोलले होते मी," रेणुकाबाई म्हणाली. "एकदा बोलले होते. तुमी ताट फेकलं होतं. आता इथंच बोलते."

त्यांनी काठी उचलली. मारायला की तोल सावरायला, ते त्यांनाही समजलं नसावं. पण द्वारकाबाई दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. आयुष्यभर ती या माणसापुढं मान खाली घालून चाललेली. आज तिनं मान वर ठेवली. "मालक," ती म्हणाली, "काठी खाली ठेवा. खाली लेकरू हाये."

काठी खाली आली. उद्धवराव कुणाकडंही न बघता आल्या वाटेनं परत फिरले.

राजकुमार जेसीबीच्या चाकाला टेकून उभा होता. त्याचं तोंड बघून शुभांगीला पहिल्यांदा त्याची दया आली, आणि तिला स्वतःचाच रागही आला. कारण दया येण्याची ही वेळ नव्हती. ती ठाम आवाजात म्हणाली, "आता कुठून काढता रस्ता?"

त्यानं जेसीबीवाल्याला खाली उतरायची खूण केली.

गिर्दावर आले तेव्हा जेसीबीवाला पळसाच्या सावलीत, पण रेणुकाबाईपासून आदरानं लांब, बिडी ओढत बसला होता. गिर्दावरांनी फ्लेक्सचा नकाशा दोन बाभळींना बांधून घेतला आणि एकेका जागेवर जाऊन लिहायला सुरुवात केली. नाव, बापाचं नाव, सांगणाऱ्याची सही. दुपार झाली. जिथं बाईचं खरं नाव सापडलं नव्हतं तिथं त्यांनी 'घाटावरची' असंच लिहिलं. शुभांगीनं हरकत घेतली नाही. ती बाई त्याच नावानं जगली होती.

पळसाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. "अम्मा, नाव?"

"नाव ठेवाच्या आधीच गेली."

"मग काय लिहू?"

"रेणुकाची थोरली, असं लिहा."

"बापाचं नाव? रकाना आहे."

"बापानं कधी तिचं नाव काढलं नाई. त्याचं तिच्या नावापुढं काऊन लावू? माझं लिहा."

"रूलप्रमाणे..." गिर्दावर अडखळले. त्यांनी शुभांगीकडं पाहिलं. शुभांगीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की वर्गात मागच्या बाकावरचं पोर गप्प व्हावं. त्यांनी बापाच्या रकान्यात 'रेणुकाबाई' लिहिलं. रेणुकाबाईला सही येत होती. तिनं सावकाश, एकेक अक्षर जोडून सही केली.

रस्ता मग राजकुमारच्या शेतातूनच गेला. वरून कागद येईपर्यंत त्यानं वाट पाहिली नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं उभ्या कापसाच्या ओळी काढून टाकल्या आणि ट्रॅक्टर उतरवले. त्यानं कुणाची माफी मागितली नाही. शुभांगी बसथांब्यावर दिसली की तो मोबाइलमध्ये बघतो. पण त्याची आई दर पौर्णिमेला मसणवटीत येते आणि तो तिला अडवत नाही. उद्धवराव तिच्याशी बोलायचे थांबले. "आधी तरी कुठी बोलत होते," असं ती द्वारकाबाईला म्हणाली. दोघी त्यावर इतक्या हसल्या की पळसावरची पाखरं उडाली.

त्यानंतर शेतकऱ्यांच्या गल्लीतल्या आणखी बाया आल्या. एकेकट्या, धुण्याचं निमित्त करून. त्यांनाही काठावर काहीतरी शोधायचं होतं. सगळ्यांचं सापडलं नाही. नकाशावर मात्र त्यांच्या लेकरांसाठी नदीच्या कडेला एक जागा करून दिली. पारहूनही लोक येऊ लागले, कोरड्या पात्रातून चालत. आमचा पणजोबा इकडं आला होता म्हणतात, बघता का. शुभांगी दर रविवारी त्यांच्यासोबत हिंडते. मंडळाच्या कचेरीत मसणवटीची नोंद व्हायची आहे. फाइल पुढं गेली असं गिर्दावर सांगतात, कुठं गेली ते सांगत नाहीत. शुभांगी दर पंधरवड्याला जाऊन विचारते. तिथला शिपाई आता तिला बघितलं की आपणहून खुर्ची देतो.

फेब्रुवारीत शाळेच्या पत्त्यावर तिच्या नावानं खुलासा मागणारी नोटीस आली. तक्रारदाराचं नाव दिलेलं नव्हतं. सरकारी सेवेत असताना आपण अमुक दिवशी सरकारी जागेत बेकायदा जमावात सामील होतात, याचा लेखी खुलासा द्यावा. अमरदीपनं फोनवर अर्धा तास मजकूर सांगितला. दिलगिरी, गैरसमज, यापुढं काळजी घेईन, सगळं योग्य त्या शब्दांत.

शुभांगीनं ऐकून घेतलं. मग ओट्यावर बसून शाळेच्या साध्या कागदावर लिहिलं:

'त्या दिवशी मी रजेवर होते. मी माझ्या पणजोबांजवळ उभी होते. माझ्या उजवीकडे माझे वडील होते, डावीकडे चुलत आज्या. त्यांच्यापैकी कुणीही बेकायदा नाही. पुन्हा गरज पडली तर पुन्हा उभी राहीन.'

तिनं ते आईला वाचून दाखवलं. द्वारकाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली.

"अन् मी?" ती म्हणाली. "मी बी होते ना तिथं. माझं नाव काऊन नाई लिवलं?"

शुभांगीनं खाली आणखी एक ओळ जोडली आणि कागद आईपुढं धरला. द्वारकाबाईनं हात पदराला पुसले आणि पेन मागितलं.